नव्या कोऱ्या गाडीवरचा ओरखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया. या चार दिवसांच्या मागेपुढे माझ्या फोनवर गाड्यांचे फोटो येतात. फोटोत लाल गोल काढलेला असतो, आणि दहातल्या सात वेळा त्या गोलात मला काहीच दिसत नाही. बॉडीशॉपमध्ये, म्हणजे गाडीचा पत्रा आणि रंग दुरुस्त करतात तिथे, रंगकामावर देखरेख करण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून ओळखीपाळखीतले लोक मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. नवी गाडी म्हणजे एकही डाग नसलेली गाडी, असंच ना?

असं असतं तर बरं झालं असतं. चाकण, साणंद, मानेसर किंवा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटर येते. मग डीलरच्या यार्डात ऊन, धूळ आणि पक्षी यांच्या हवाली उभी राहते. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कोणीतरी घाईघाईत ती धुतो, आणि सकाळी शोरूममधला मुलगा हातात येईल त्या फडक्याने पुसतो. ओरखडे बहुतेक या शेवटच्या दोन टप्प्यांत पडतात, कारखान्यात नव्हे.

आता रंगाची जाडी पाहा. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर दोन केस एकावर एक ठेवले की संपला तुमच्या गाडीचा रंग. त्यात वरचा क्लिअर कोट फक्त ४०-५० मायक्रॉन. एवढ्या पातळ थरावर फडक्याची खूण उमटणारच.

२. खरा दोष कोणता आणि नुसता डोळ्यांना खुपणारा कोणता, हे कसं ओळखायचं?

नखाने. ओरखड्यावरून नख आडवं, हलकेच फिरवा. नख अडकलं नाही तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. अडकलं तर तो खोल आहे. आत पांढरट किंवा करडं दिसलं तर प्रायमर, आणि चकाकी दिसली तर पत्रा. पत्रा उघडा पडलेला असेल तर मात्र ‘किरकोळ आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, विशेषतः गाडी कोकणात किंवा गोव्यात राहणार असेल तर. खाऱ्या हवेला एवढीशी जागा पुरते.

पोचा, रंगाचा ओघळ, सुटलेलं बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी), काचेवरचा टवका, डिकीत शिरणारं पाणी हे खरे दोष. ते लेखी नोंदवायचेच.

३. गाडी नेमकी कधी तपासायची? डिलिव्हरीच्या दिवशी चालेल?

चालेल, पण तोवर उशीर झालेला असतो. तपासणी पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या, आधी करा. इन्व्हॉइस निघालं, विमा उतरला, आरटीओचा कर भरला आणि चासी नंबर तुमच्या नावावर चढला की ती गाडी कायद्याने तुमची. त्यानंतर ‘मला दुसरी द्या’ म्हणण्यात फारसा दम राहत नाही. पासिंगच्या आधी मात्र यार्डातली दुसरी गाडी तुमच्या नावावर लावणं हे डीलरसाठी कागद बदलण्याइतकं सोपं असतं.

म्हणून बुकिंग करतानाच सांगून ठेवा: ‘चासी नंबर मिळाला की मी यार्डात येऊन गाडी बघणार, मग पुढचे पैसे.’ सेल्समन कुरकुरेल. यार्ड लांब आहे, आत जाऊ देत नाहीत, आम्हीच सगळं चेक करतो. गोड बोलून आग्रह धरा. हे विचारणारे तुम्ही पहिले नाही, त्यालाही ते ठाऊक असतं.

४. यार्डात गेल्यावर काय काय बघायचं?

दिवसाउजेडी जा आणि गाडी धुतलेली हवी असं सांगून ठेवा. धुळीखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. पॅनलसमोर सरळ उभं न राहता तिरकं, दिव्याच्या पट्टीचं किंवा आभाळाचं प्रतिबिंब बघत चाला. प्रतिबिंब जिथे मोडतं तिथे पोचा असतो.

लोकांची नजर बॉनेटवरच खिळते. मी आधी खाली वाकतो: दारांच्या खालच्या कडा, बंपरचा तळ, चाकांच्या रिमची किनार. ट्रेलरवर चढ-उतार करताना मार बसतो तो इथे. मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांचे असावेत. किलोमीटर बघा. पन्नासच्या आत असतील तर साधारण ठीक, शंभराच्या वर असतील तर गाडी कुठे फिरली ते विचारा. चासीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, त्याने वाचून दाखवलेला नको.

५. बॉनेटवर रंगात एक बारीक दाणा आहे. शोरूमवाले म्हणतात, ‘सर, अख्खं बॉनेट फ्रीमध्ये रंगवून देतो.’ घेऊ का?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. आत वायर नाही, प्लॅस्टिक नाही, रबर नाही. म्हणून तो सांगाडा सुमारे १४० अंश तापमानाच्या भट्टीतून काढता येतो आणि रंग भाजून कडक होतो. गंजरोधक थरासाठी तर अख्खा सांगाडाच हौदात बुडवतात, त्यामुळे तो पोकळ जागांतही पोचतो. बॉडीशॉपमध्ये गाडी येते ती पूर्ण तयार होऊन. तिला १४० अंश दिले तर डॅशबोर्ड वाकेल. म्हणून तिथला रंग वेगळा असतो आणि तो ६० अंशांच्या आसपास सुकवतात. रंगारी कितीही हुशार असो (आमच्याकडचे दोघे तर जादूगार होते), तो भट्टीतला रंग परत आणू शकत नाही. कंपनीचा रंग गाडीला एकदाच मिळतो.

आणि दाण्याचं काय? रंग ओला असताना धुळीचा कण बसला, एवढंच. अगदी बारीक पॉलिश पेपरने पाण्यावर तेवढाच ठिपका घासून वर पॉलिश मारलं की दहा-पंधरा मिनिटांत तो सपाट होतो. कारखान्यातही शेवटच्या तपासणीत हेच करतात. जॉब कार्डवर (करायच्या कामाची नोंद असते त्या कागदावर) ‘फक्त स्पॉट घासून पॉलिश, रंगकाम करू नये’ असं लिहून घ्या. घासायचं नसेल तर तो दाणा तसाच राहू द्या; त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पॅनल रंगवायचं ते पत्रा उघडा पडला असेल किंवा चरा प्रायमरपर्यंत गेला असेल तेव्हाच, आणि तेही गाडी बदलून मिळत नसेल तर.

६. मला न सांगताच गाडी आधीच रंगवलेली असेल तर कसं कळणार?

बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे) बोल्ट बघा. कारखान्याचा रंग त्यांच्यावर अखंड असतो. पाना लागला असेल तर कडा उडालेल्या दिसतात. काचेभोवतीच्या काळ्या बीडिंगवर रंगाची फवार बसली आहे का बघा. दाराच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. मास्किंग टेप लावलेल्या जागी बारीकशी पायरी बोटाला लागते.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. सगळी पॅनलं १२० मायक्रॉनच्या आसपास दाखवतात आणि एकच २८० दाखवतं, तर ते नक्की परत रंगवलंय. आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे तिथे पोचा होता. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रं चालत नाहीत, तिथे आकडा न आल्याने घाबरू नका. पासिंगच्या आधी असं पॅनल सापडलं तर गाडी नाकारा. नंतर सापडलं तर प्रश्न ११ पाहा.

७. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. हा रंगाचा दोष आहे का?

नाही, ते फडक्याचं काम आहे. धुळीवरून कोरडं कापड फिरलं की ती धूळच पॉलिश पेपर होते. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाडीवर रेषा उठून दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही त्या असतात, फक्त दिसत नाहीत. शोरूममधून आल्या असतील तर एकदा बफिंग करून मागा. पण बफिंग म्हणजे क्लिअर कोटचे एकदोन मायक्रॉन घासून काढणं, तेव्हा दर दिवाळीला ते करू नका.

आणि खरं सांगू? शोरूमने दिलेल्या रेषा कमीच असतात. सोसायटीत पहाटे एकच बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारे दादा पहिल्या महिन्यातच त्यांची बरोबरी करतात. त्यांना दोन मायक्रोफायबरची कापडं घेऊन द्या आणि आधी पाणी मारायला सांगा. नुसतं रागावून उपयोग नाही. महिन्याच्या त्या पैशांत आणखी काय होणार?

८. बंपरचा रंग दारापेक्षा थोडा वेगळा वाटतो. गाडी ठोकलेली आहे का?

बहुतेक नाही. बंपर प्लॅस्टिकचा, तो वेगळा रंगवून मागाहून बसवतात. मेटॅलिक आणि मोती पांढऱ्या रंगात फरक जास्त जाणवतो, कारण त्यातल्या चमकीचे कण पत्र्यावर आणि प्लॅस्टिकवर सारखे बसत नाहीत. त्याच रंगाची शेजारची दुसरी गाडी बघा. तिथेही तोच फरक असेल तर विषय संपला. शेजारची जुळते आणि तुमची नाही, तर प्रश्न ६ मधल्या खुणा शोधा.

९. डाव्या दाराची फट उजव्यापेक्षा जास्त आहे. आता काय?

मिलिमीटरभराचा फरक सगळ्याच गाड्यांत सापडतो. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे ना, आणि दार लावताना आवाज नीट येतो ना, हे बघा. बॉनेट एका बाजूला उचललेलं वाटत असेल तर खालची रबरी बटणं फिरवून ते सरळ होतं. दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो आकडाही हलवता येतो. फिटरचं अर्ध्या तासाचं काम आहे, पहिल्या सर्व्हिसला सांगा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, आणि पाऊस आत येत असेल, तर मात्र थांबू नका.

१०. गंज! आठवड्याच्या गाडीच्या चाकांत तांबूस गंज आहे, आणि पांढऱ्या रंगावर तपकिरी ठिपके आलेत.

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. चाकातून दिसतो तो ब्रेकचा डिस्क. तो बिडाचा, त्यावर रंग नसतो. गाडी धुतली किंवा रात्रभर पाऊस लागला की तो तांबूस होतो आणि चारदा ब्रेक दाबले की साफ होतो.

पांढऱ्या रंगावरचे ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. रेल्वेच्या प्रवासात, कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा ब्रेकच्या धुळीतून ते उडून क्लिअर कोटवर बसतात आणि मग स्वतः गंजतात. पत्रा शाबूत असतो. लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण आणि क्ले बार (रंगावरून फिरवायची मऊ मातीसारखी वडी) यांनी ते निघतात. नखाने खरवडू नका.

याच्याच जोडीला पावसाळ्यात विचारलं जातं ते हेडलाइटच्या आतल्या धुक्याबद्दल. दिव्याला हवा खेळायला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. दिवा लावल्यावर विरळ धुकं निघून जात असेल तर ठीक. आत थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर वॉरंटीत दिवा बदलून मागा.

११. दोष दिसला, पण डीलर दाद देत नाही. गाडी बदलून मिळेल का?

अख्खी गाडी? रंगाच्या दोषासाठी मिळणं फार कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका नव्या कारच्या क्लचच्या प्रकरणात, वॉरंटीखाली सदोष भाग बदलून देणं ही जबाबदारी आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही, असा निर्णय दिला होता. तेव्हा दुरुस्ती किंवा नुकसानभरपाई मागा.

क्रम असा ठेवा. डिलिव्हरीच्या कागदावर सही करताना सहीशेजारीच दोष लिहा. ‘सगळं ठीक मिळालं’ या छापील ओळीखाली निमूट सही करून येणारे लोक नंतर मला फोन करतात. त्याच दिवशी फोटोंसह ईमेल करा, डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागालाही. फोनवरचं आश्वासन हवेत विरतं. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. वकील हवाच असं नाही.

पण एका दाण्यासाठी आयोगात जाऊ नका. डीलर नमतं घेत असेल तर मॅट, एखादी ॲक्सेसरी किंवा वाढीव वॉरंटी मागून घ्या आणि तेही लेखी. लपवून रंगवलेली गाडी असेल तर मात्र शेवटपर्यंत जा.

१२. जुन्या सालची किंवा डेमो गाडी ‘नवी’ म्हणून माथी मारली असेल तर?

मग हा प्रश्न ओरखड्याचा राहत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ साली डीलरने २००९ सालची गाडी दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ साली निकाल लागला. कंपनी आणि डीलर हे स्वतंत्र व्यावसायिक असतील तर डीलरच्या लबाडीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही, तिला ते माहीत होतं हे दाखवावं लागतं, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा तक्रारीत डीलरची भूमिका नीट मांडा. ‘एवढी मोठी कंपनी आहे, देईलच’ यावर विसंबू नका. उत्पादनाचा महिना आणि साल पैसे भरण्याआधी विचारा. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून तेवढी सूट तरी मागा.

१३. पूजेत बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचा डाग जात नाहीये!

पांढऱ्या गाडीवाल्यांची ही दर दसऱ्याची तक्रार. कुंकू पाण्यात किंवा तेलात कालवून बोटाने काढतात, मग गाडी दिवसभर उन्हात उभी राहते. बाजारातल्या कुंकवात रंग मिसळलेला असतो, तो मुरतो. त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने आणि गाडीच्या शांपूने धुवा. हळदीचा पिवळेपणा साबणाने लाल झाला तर घाबरू नका. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तोच हा प्रकार, धुतल्यावर जातो. राहिलेला हळदीचा फिकट डाग ऊनच उडवतं. कुंकवाचा राहिला तर हलकं पॉलिश.

पूजा करा, जरूर करा. टिळा नंबर प्लेटवर किंवा काचेवर लावा, काचेचा डाग ब्लेडनेही निघतो. आणि हाराची तार! बॉनेटवर झेंडूचा हार टाकून घरापर्यंत वीस किलोमीटर गाडी चालवली की तार बॉनेटवर काय लिहिते, ते मी पुष्कळदा वाचलंय.

१४. चार ठिकाणचे ओरखडे विम्यात करून घेऊ का? झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा) आहे.

चार ओरखडे चार वेगळ्या प्रसंगांत पडले असतील तर नियमाने ते चार क्लेम. प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट आहे: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये. झीरो डेप असला तरी ती भरावीच लागते. शिवाय क्लेम न केल्यास पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका क्लेमने तो शून्यावर येतो. दाराचा एक चरा काढायला हे करायचं का, ते वहीत आकडे मांडून ठरवा. आणि विम्यात झालं तरी पॅनल परत रंगणारच. प्रश्न ५ विसरू नका.

१५. सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडे पडणार नाहीत ना?

पडतील. सिरॅमिकचा थर अगदी पातळ असतो. पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, चकाकी राहते. दगड, किल्ली आणि शेजारच्या मुलाची सायकल यांना तो अडवत नाही. त्यांना अडवते ती १५० मायक्रॉनहून जाड पारदर्शक फिल्म, पण अख्ख्या गाडीला तिचा खर्च लाखाच्या घरात जातो. हायवेवर रोज धावणारी गाडी असेल तर फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला फिल्म लावा. डिलिव्हरीच्या आधी शोरूमने घाईत मारलेलं कोटिंग मात्र घेऊ नका. खालच्या रेषा तशाच झाकल्या जातात.

१६. पहिल्याच आठवड्यात मीच पार्किंगच्या खांबाला घासली. आता?

आधी पाण्याने पुसून बघा. अर्ध्या वेळा तो खांबाचा रंग असतो, गाडीचा गेलेला नसतो. पत्रा दिसत असेल तर दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो, त्या कोडची टच-अपची बाटली मागवा. तिच्यातल्या ब्रशने फासू नका. टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब, पातळ, दोन-तीन वेळा सोडा. जवळून दिसेल, पण गंज थांबेल.

१७. आमचे हे रोज रात्री टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जातात. मुलांना चपला काढून गाडीत बसावं लागतं. काय करू?

ताई, टॉर्च लपवा. टॉर्चच्या प्रकाशात आमच्या बॉडीशॉपमधून पास झालेली गाडीही नापास झाली असती. त्यांना सांगा, एक रविवार ठरवून दिवसाउजेडी सगळे दोष एका कागदावर लिहायचे, प्रश्न २ प्रमाणे खरे वेगळे काढायचे, ते सर्व्हिस सेंटरला द्यायचे आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यायचा. यादीत नसलेला दोष दिसला तरच पुन्हा बोलायचं. बहुतेकांचं हे वेड पहिला पावसाळा आला की उतरतं. चपलांचं मात्र पावसाळ्यापुरतं चालू राहू द्या, मॅट वाळायला वेळ लागतो.

१८. या बारीक ओरखड्यांनी विकताना किंमत पडेल का?

उलट होतं. जुनी गाडी घेणारे व्यापारी रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतात. कंपनीच्या रंगावरचा चरा त्यांना चालतो. पॉलिशचे पैसे कापून ते पुढे जातात. चकचकीत पण परत रंगवलेलं पॅनल दिसलं की ते खाली वाकतात, बोल्ट बघतात, ‘ठोकली होती का?’ विचारतात आणि तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी भाव पाडतात. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशीचे फोटो जपून ठेवा, आणि पॅनल रंगवलंच असेल तर जॉब कार्डही.